न पडलेली पाकळी

पहिला बांबू नितेशच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. ढोल नुकताच थांबला होता, म्हणून हाड मोडल्याचा आवाज सगळ्या सहाणेला ऐकू गेला. दमयंती पालखीच्या उजव्या अंगाला बायकांत ओटीचं ताट घेऊन उभी होती. ताट कुणाच्या हातात दिलं की टाकलं, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. नारळ मात्र गडगडत केरूच्या पायाशी जाऊन थांबला, एवढं आठवतं.

"स्वतःचं घर पयलं काढतोस, मेल्या? देवीच्या म्होरं?" केरू ओरडत होता आणि बांबू पुन्हा उगारत होता.

"मी नाही काढलं, केरूदादा! मशीनने काढलं!"

"मशीन तुझ्या बापाचं काय रं?"

मग वरच्या वाडीतले चौघे केरूवर पडले आणि खालच्या वाडीतले त्या चौघांवर. सहाण, म्हणजे देवीची पालखी ठेवायचा तो चौथरा, जिथे चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही, तिथे माणसं एकमेकांच्या छातीवर बसून तोंडं फोडत होती. कुणाचा तरी कान फाटून लोंबत होता. कुणी होळीतलं जळकं लाकूड घेऊन धावला. पालखीच्या हिरव्या शालूवर रक्ताचे शिंतोडे उडाले, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. दमयंतीने भावाच्या, नितेशच्या, अंगावर स्वतःला टाकलं. तिच्या पाठीत दोन लाथा बसल्या. कुणाच्या, हे तिने कधी शोधलं नाही. जाखमातेच्या रुप्याच्या मुखवट्याचे डोळे तेवढे समोर स्थिर होते.

वेळशिंद गावात शिमग्याला पालखी घरोघर जाते. गाव डोंगराच्या दोन अंगांना पसरलेलं, त्यामुळे पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पोचायला देवीला बरेच दिवस लागतात. पहिलं घर कुणाचं, हा मान. त्या मानापायी इथे आधीही डोकी फुटली आहेत. पूर्वी देवीचा कौल लावत. मग तो बंद पडला आणि चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठ्यांवरही संशय आला, कुणी म्हणे कोपरा दुमडलेला होता, कुणी म्हणे एक चिठ्ठी गार लागत होती. म्हणून यंदा नितेश पुढे झाला. रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानात कामाला असलेला हा पोरगा म्हणाला, "मशीनला वरची वाडी, खालची वाडी कळत नाही. ताईने शिकवलेल्या भाषेत मी प्रोग्राम लिहितो. सगळ्यांच्या देखत टीव्हीवर नावं येतील."

देवस्थानचे अध्यक्ष राजाभाऊ, बागायतदार, शांत स्वभावाचे. त्यांनाही पटलं. सहाणेलगतच्या सभामंडपातल्या टीव्हीला आरती दाखवायची एक लहानशी काळी डबी जोडलेली होती. म्हटलं तर तोही एक कॉम्प्युटरच. तिच्यावर नितेशने प्रोग्राम चढवला. वीज गेली होती, ती आली. डबी जागी झाली. नितेशने बटण दाबलं, आणि टीव्हीवर पहिलं नाव आलं ते महिपत गुरव, म्हणजे नितेशच्या बापाचं. त्याखाली सगळी वरची वाडी आणि तिच्याखाली सगळी खालची. केरूच्या आईचं, मालनचं नाव पार तळाला.

मालन अंथरुणाला खिळलेली होती. पोटात गाठ. देवी दारात आली की ओटी भरीन आणि मग जाईन, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. केरूने टीव्हीवरचं शेवटचं नाव वाचलं आणि बांबू उचलला.

*

दमयंती राहते रत्नागिरीत, नाचण्याच्या रस्त्याला. नवरा बंदरखात्यात कारकून. ही घरातल्याच एका खोलीत बसून काम करते, आणि शेजारणींना वाटतं ती परदेशातल्या लोकांची कसलीतरी टायपिंगं करते. खरं काम असं: ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात, त्या भाषेच्या पोटातली यंत्रं घडवायची. जगभरातली माणसं मिळून एक भाषा सांभाळतात, त्यांतली ही एक. गेले काही महिने तिच्याकडे एकच काम होतं. कुणालाही आधी ओळखता येणार नाही असा आकडा द्यायचा. बँकेची कुलपं, पासवर्ड, सगळं त्याच आकड्यावर. तो देणारं फंक्शन कसं वागलं पाहिजे, हे ठरवायचं.

आता मशीन असा आकडा कुठून आणतं? ते स्वतः विचार करून आणू शकत नाही. बटणं कधी दाबली गेली, नेटवर्कवरून काय कधी आलं, असल्या अवचित गोष्टी ते साठवत राहतं आणि त्यातून आकडा काढतं. मशीन नुकतंच जागं झालेलं असलं, त्याला ना कीबोर्ड ना नेटवर्क, तर साठा रिकामा. तेव्हा कुणी आकडा मागितला तर फंक्शनने काय करायचं? भांडण तिथे होतं.

"मरायचं," अपूर्व म्हणाला होता. अपूर्व मूळचा केळशीचा, राहतो म्युनिकला आणि या कामात तिच्या जोडीला असतो. "प्रोग्राम तिथल्या तिथे बंद. आकडा नाही तर पुढची ओळ चालायचीच नाही."

"दुसऱ्याचा चालता प्रोग्राम मारणारे आपण कोण रे?" दमयंती म्हणाली होती. "नकार कळवावा. आकडा मिळाला नाही, एवढं सांगावं. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं."

"आणि त्याने नकार वाचलाच नाही तर?"

"तर त्याची चूक. आपण सांगितलं होतं."

शिमग्यापर्यंत तिचंच म्हणणं चालत होतं. फंक्शन तसंच होतं. आकडा नसला तर शून्यांनी भरलेली जागा परत करायचं, आणि सोबत नकार.

सिव्हिलच्या वॉर्डात नितेशचा हात प्लास्टरमध्ये टांगला होता, ओठ फुटून सुजला होता. दमयंतीने त्याचा प्रोग्राम मांडीवरच्या लॅपटॉपवर उघडला. डोळे एका ओळीवर थांबले. फंक्शनने दिलेला नकार त्याने न वाचताच टाकून दिला होता.

"हे का असं लिहिलंस?"

"नेटवर असंच होतं, ताई. घरी चालवलं तेव्हा दर वेळी वेगळी नावं आली. दहादा बघितलं मी."

घरचा कॉम्प्युटर सकाळपासून चालू होता, त्याचा साठा भरलेला. देवळातली डबी वीज आल्यावर नुकती जागी झालेली. तिने नकार दिला आणि शून्य दिलं. आकडा सांगेल त्या जागेवरचं नाव प्रोग्राम उचलायचा, आणि शून्य म्हणजे उरलेल्यांतलं सगळ्यांत वरचं. पुन्हा शून्य. पुन्हा वरचं. नितेशने नावं टाइप करताना सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती, कोणीही करील तशी. यादी जशीच्या तशी टीव्हीवर आली.

तिने घडवलेलं फंक्शन ठरल्याप्रमाणेच वागलं होतं.

कॉटच्या पायथ्याशी तिचे वडील, महिपत गुरव, बसले होते. त्यांचा जबडा एका बाजूला कलला आहे, त्यामुळे शब्द चघळून बाहेर येतात. तो जबडाही शिमग्यातलाच. दमयंती तेव्हा शाळेत होती. महिपत देवीचे पुजारी, कौल लावायचे. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर वरची वाडी पहिली, डावी पडली तर खालची. त्या वर्षी एकही पडेना. गाभाऱ्यात माणसं घुसली, मागून कुणी बांबूचं टोक बरगडीत खुपसलं. "गुरवा, काढ कौल!" महिपतांनी तीर्थ शिंपडायच्या निमित्ताने अंगठा पुढे नेला आणि एक पाकळी पडली. कुणाच्या तरी नजरेस तो अंगठा पडला. गाभाऱ्यातून ओढत बाहेर आणून त्यांना चौथऱ्यावर तुडवलं. लहानग्या दमयंतीने बापाचे दात पायरीवर बघितले होते, तांबड्या लाळेत.

"आबा," ती आता म्हणाली, "तेव्हा तुम्ही तो अंगठा का नेलात हो?"

इतक्या वर्षांत हे तिने विचारलं नव्हतं.

"पाकळी माझ्या हाताला लागत होती," महिपत म्हणाले. "मागं बांबू होता. हाताला लागली नसती तर काय केलं असतं मी? मार खाल्ला असता. पण खोटा नसतो ठरलो."

दमयंतीने लॅपटॉप मिटला.

*

पालखी त्या साली निघालीच नाही. पोलिसांनी सहाणेभोवती दोरी बांधली. आणि पाडव्याच्या आधी मालन गेली. देवी दारात आली नाही, ओटी भरायची राहिली. खण आणि नारळ तिच्या उशाशी तसेच होते, ते केरूने तिच्यासोबत सरणावर ठेवले. जामिनावर सुटून आलेला केरू स्मशानातून परतताना गुरवांच्या अंगणात थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोराचा एक हात मोडलाय. दुसरा मी तोडनार. आवशीची आन हाय मला."

नितेशला रत्नागिरीत दमयंतीच्या घरी आणून ठेवलं. पण केरू रत्नागिरीतही दिसू लागला. दुकानासमोर, बसस्टॉपवर, नुसता उभा. एकदा नितेशच्या सायकलीच्या सीटमध्ये उभी चीर पडलेली मिळाली. पोलीस म्हणाले, काही केलं तर कळवा. नितेश झोपेत किंचाळायचा. दमयंतीने राजाभाऊंना फोन लावला.

"गावबैठक बोलवा, काका. तीच डबी, तीच यादी, तोच टीव्ही. मी सगळ्यांसमोर दाखवते काय झालं ते."

"तू येऊ नकोस गो. माणसं पिसाळलीत."

"मी नाही आले तर माझ्या भावाचा दुसरा हात जाईल."

तिने जाण्याआधी जाखमातेला नारळ बोलला. आणि अपूर्वला लिहिलं, की फंक्शनचा माझा मसुदा रद्द समज, मी नवा आणते.

भर दुपारी बैठक. सभामंडप भरलेला, दोन वाड्या दोन बाजूंना. प्रत्येक पुरुषाच्या कमरेच्या आकडीला कोयती होती. बागेतून आलेल्या माणसाच्या कमरेला ती असतेच, म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. नितेश गळ्यात हात बांधून बापाजवळ बसला. केरू खांबाला टेकून उभा राहिला, डोकं अजून तुळतुळीत.

दमयंतीने डबीची वीज काढली आणि पुन्हा दिली. नितेशचा प्रोग्राम चालवला. महिपत गुरव. खाली सगळं तसंच.

"बघा! परत तेच!" खालच्या बाजूने गलका उठला. एक चप्पल येऊन टीव्हीवर आदळली.

"परत तेच येणार!" दमयंती त्याहून मोठ्याने ओरडली. "शंभरदा चालवा, तेच येणार. ह्याला ड्रॉ म्हणतात काय? डबीकडं आकडा नव्हता. ती नाही म्हणत होती. नितेशने ते 'नाही' ऐकलंच नाही. आता यादी उलटी करून घाला. केरूदादा, तुझ्या हाताने घाल. तुझ्या आईचं नाव वर ठेव."

केरू हलला नाही. राजाभाऊंनीच यादी उलटी करायला लावली. वीज काढून दिली. टीव्हीवर पहिलं नाव आलं, मालन.

वरच्या वाडीतला कुणीतरी म्हणाला, "म्हणजे पोराने लबाडी नाय केली." दुसऱ्याने त्याला गप्प केलं. नितेश रडत होता, मोडक्या हाताने तोंड पुसायचा प्रयत्न करत.

"आता नवं बघा," दमयंती म्हणाली आणि स्वतः घडवलेलं फंक्शन चढवलं. डबी जागी झाली. टीव्हीवर एक ओळ आली: आकडा नाही, थांबतो. मग पडदा काळा. एकही नाव नाही.

"इथून पुढं हे असं वागेल. आकडा नसेल तर सगळं बंद. डबीला नेटवर्क जोडा, तिला भरू द्या, मग मागा."

तेवढ्यात केरू खांबापासून सुटला. कुणाला कळायच्या आत त्याने दमयंतीचे केस मागून मुठीत धरले आणि कोयती तिच्या गळ्याला लावली.

"मगाशी आला ना नाव?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. "माझ्या आवशीचा नाव वर आला होता. सगळ्यांनी बघितलाय. तो काढ परत. ह्या नव्यावर काढ."

"नाही काढता येत."

"तू बनवलंस ना?"

"बनवलं म्हणूनच नाही येत. मधे बोट घालायला जागाच ठेवली नाही मी. मलाही नाही."

"काढ, नायतर चिरतो!"

पातं गळ्यात रुतलं. गरम काहीतरी ब्लाउजमध्ये उतरलं. तिने नकळत पात्याला हात घातला आणि तळवा उघडला गेला. रक्त डबीवर, वायरींवर टपटपू लागलं. बायका किंचाळल्या. वरच्या वाडीतल्या तिघांनी आकडीच्या कोयत्या उपसल्या, खालच्या वाडीतल्या चौघांनीही. एक शब्द चुकला असता तर त्या मंडपात मुडदे पडले असते. दमयंतीने डोळे मिटले. तिच्या मनात त्या क्षणी एवढंच होतं की करण्यासारखं काही नाही, आणि नाही हे किती बरं आहे. असतं तर तिने केलं असतं. अंगठा पुढे नेला असता.

"केरू," महिपत उठून उभे राहिले. कललेल्या जबड्यातूनही मंडपाला शब्द कळले. "त्या साली माझ्या बरगडीत बांबू कुणी घातला होता, ठाव हाय तुला?"

केरूने मान वळवली.

"तुझ्या बापाने. मी इतकी वर्षं बोललो नाय. त्याने कौल काढून घेतला माझ्याकडून, आणि पाकळी पडली ती तुमच्याच अंगाची, डावी. मग वरच्या वाडीने माझी हाडं मोडली. बापाला तुझ्या मान मिळाला. सुखाने मिरवला काय त्याने? पालखी दारात असताना तोंड लपवून माडीवर बसला होता तो. तुझ्या आवशीला विचारलं असतंस. तिने एकटीने ओटी भरली."

केरूची मूठ केसांत तशीच होती. कोयती मात्र गळ्यापासून बोटभर लांब गेली.

"माझ्या पोरीला मार हवं तर," महिपत म्हणाले. "पण नाव तिच्या हातात नाय. मेल्यावरही निघणार नाय."

केरूने दमयंतीला ढकलून दिलं आणि कोयती डबीवर घातली. एक, दोन, किती वार घातले कोण जाणे. प्लास्टिक उडालं, ठिणगी उडाली, मंडपातले दिवे गेले. तो मोडक्या तुकड्यांवरही घालत राहिला, जोवर पातं फरशीवर खणखणत नव्हतं तोवर. मग कोयती टाकून तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा "आये, आये" करत कपाळ फरशीवर आपटू लागला. कपाळ फुटलं. त्याला धरायला सगळ्यांत आधी गेला नितेश, चांगला हात पुढे करून.

*

दमयंतीच्या गळ्याची जखम वरवरची निघाली. तळव्याला मात्र टाके पडले, आणि दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. पोळी लाटताना लाटणं एका बाजूला पळतं. तक्रार कर म्हणून नवरा मागे लागला होता. तिने केली, आणि मग मागे घेतली. त्यावरून घरात बरेच दिवस अबोला होता.

अपूर्वशी बोलताना तिने पट्टी बांधलेला हात कॅमेऱ्यापुढे धरला नाही.

"आधी तूच भांडत होतीस," तो म्हणाला. "म्हणे आपण कोण मारणारे. लोक आता बोंबलतील, की आमचा प्रोग्राम भर कामात बंद पडतो."

"बोंबलू देत."

"आणि नकार वाचून नीट वागणारे? त्यांची काय चूक?"

"अपूर्व, नकार ज्याच्या हातात पडतो ना, त्याच्या मागं कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नाही. साहेब असेल, गिऱ्हाईक असेल, बांबू असेल. घाबरलेल्या माणसाच्या हाताला लागेल असं काही ठेवायचं नाही. नकार परत द्यायचाच नाही. आकडा द्यायचा, नाहीतर तिथल्या तिथे थांबायचं."

अपूर्वने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, "असंच लिहू?"

"असंच लिही."

पुढच्या शिमग्याला सहाणेवर नवी डबी आली. वायर राजाभाऊंच्या घरातून ओढून नेटवर्क दिलं होतं. बटण नितेशने दाबलं, आणि लगेच दोन पावलं मागे सरला, कोपर छातीशी घेऊन. डबी आधी साठा भरून घेत होती, पडद्यावर काहीच येईना. माणसं उभी होती. कुणी कुजबुजलं, कुणी शिवी घातली, ढोलवाल्याने कंटाळून एक थाप मारली. सगळ्यांचे डोळे केरूच्या कमरेवर होते. आकडी होती, कोयती नव्हती.

मग नावं आली. वरची, खालची, मिसळून. महिपत गुरव मधेच कुठेतरी. शेवटचं नाव होतं केरूचं.

दमयंतीने न मिटणाऱ्या बोटांनी पदर घट्ट धरला. केरू पुढे आला, पालखीपुढे वाकला, शालूला कपाळ लावलं. शालू नवा होता. उठला तेव्हा त्याला दिसलं की सगळं गाव त्याच्याकडे बघतंय.

"काय बघताव?" तो म्हणाला. "उचला की पालखी. आमच्या घरात आता घाई कुनाला हाय?"